मुंबईत उपनगरातून शहरात सायकलने जायचं तर सुरक्षित आणि मजेचे रस्ते कसे शोधावेत?

तुम्ही लिहिलंय की घर गोरेगाव पूर्वेला, ऑफिस दादरला, सायकल नुकतीच घेतलेली, आणि नकाशात पाहिलं की दरवेळी हायवे किंवा एस. व्ही. रोडच समोर येतो. शिवाय रविवारी नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन कुठे जाता येईल, हेही विचारलंय. मी पार्ल्याची. गेली अकरा वर्षं पार्ले पूर्व ते दादर सायकलने जाते-येते, भर पावसाचे दिवस सोडून. त्यामुळे पार्ल्याच्या पुढचा सगळा रस्ता माझ्या पायाखालचा आहे.

जे कळायला मला दोन वर्षं लागली ते आधी सांगते. मुंबईत सायकलचा मार्ग ठरतो तो पुलांवरून. आपलं शहर उत्तर-दक्षिण लांबलचक. त्याला उभे चिरत जाणारे रेल्वेमार्ग, आणि उपनगर व शहर यांच्यामध्ये आडवी मिठी नदी. शांत गल्ल्या शेकड्यांनी आहेत, पण रूळ आणि मिठी ओलांडायच्या जागा मोजक्याच, आणि सगळी वाहनं तिथेच येऊन तुंबतात. मिठी ओलांडून शहरात शिरायला पश्चिमेकडून माहीम कॉजवे, मधून बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि धारावी, पूर्वेकडून कुर्ला-सायन. सी लिंक आणि कोस्टल रोडवर सायकलला बंदी आहे, त्यामुळे ते सोडूनच द्या. मी आधी गल्ल्या शोधायचे आणि मग पुलाच्या तोंडाशी येऊन अडकायचे. आता उलट करते. मिठी कुठे ओलांडायची, रूळ कुठे ओलांडायचे, हे आधी नक्की करायचं आणि त्या दोन-तीन ठिपक्यांना गल्ल्यांनी जोडायचं.

या ठिपक्यांवर नजर मात्र ठेवावी लागते. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला तेव्हा आसपासच्या सगळ्या रस्त्यांची चालच बदलली होती. प्रभादेवीचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडायला घेतला आणि तिथली गर्दी दादरच्या टिळक पुलावर आली. मी तेव्हापासून घरून पंचवीस मिनिटं लवकर निघते.

तुमच्यासाठी मला दोन वाटा दिसतात. ऑफिस दादर पूर्वेला असेल तर पश्चिम रेल्वेचे रूळ ओलांडायचेच नाहीत, फक्त मध्य रेल्वेचे शेवटी एकदा ओलांडावे लागतात. गोरेगाव-जोगेश्वरीहून हायवे आणि रेल्वे यांच्या मधल्या आतल्या रस्त्यांनी अंधेरीला या. जुना नागरदास रोड, मग पार्ल्यात तेजपाल रोड. (तिथून जाताना पूर्वी बिस्किटांचा खरपूस वास यायचा. पार्लेचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. मला त्या कोपऱ्यावर अजून तो वास आठवतो.) पुढे नेहरू रोडने सांताक्रूझ पूर्व, वाकोला, कालिना, बीकेसी. साडेसातच्या आत बीकेसीचे रुंद रस्ते जवळजवळ रिकामे असतात, साडेनवाला तिथे पाय ठेवायला जागा नसते. मग धारावीतून नाइंटी फीट रोडने माटुंगा आणि दादर टीटी. धारावीचं नाव ऐकून अनेकजण दचकतात. मला तो टप्पा हायवेपेक्षा कितीतरी सुरक्षित वाटतो, कारण तिथे गाडीला वेगच घेता येत नाही.

ऑफिस दादर पश्चिमेला असेल तर पश्चिमेची वाट जास्त सुंदर आहे. वर्सोव्याकडून जुहू तारा रोड, सांताक्रूझच्या गल्ल्यांतून खारदांडा, मग कार्टर रोड, वांद्रे आणि माहीम कॉजवे. कॉजवेवर पावसाळ्याच्या तोंडाशी नैर्ऋत्येचा वारा असा अंगावर येतो की हँडल घट्ट धरावं लागतं. हा कॉजवे १८४५ मध्ये खुला झाला. त्याआधी लोक नावेने खाडी ओलांडायचे आणि नावा उलटायच्या. लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले. एका बाईच्या पैशाने झालेल्या रस्त्यावरून मी कामाला जाते, हे आठवलं की पॅडलला आपोआप जोर येतो. पुढे कॅडेल रोडने (आताचा वीर सावरकर मार्ग) शिवाजी पार्क. या वाटेवर वार बघून निघा. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चला नोव्हेनाची गर्दी असते, मंगळवारी प्रभादेवीला सिद्धिविनायकाची. त्या दोन दिवशी मी पूर्वेची वाट धरते.

नकाशात न दिसणारं बरंच काही मला रस्त्यावर रोज सायकल चालवणाऱ्यांनी शिकवलं. पहाटे पाचला लादीपाव घेऊन निघणारा पाववाला, पेपर टाकणारी मुलं, भोंपू वाजवत फिरणारा इडलीवाला अण्णा, स्टेशनबाहेर डबे लावणारे डबेवाले. यांना हेल्मेट नाही, गियर नाहीत, कॅरियरवर मणभर ओझं, आणि तरी वर्षानुवर्षं धडपणे फिरतात. सुरुवातीच्या दिवसांत मी पार्क केलेल्या गाड्यांना चिकटून, अंग चोरून चालवायचे. वाकोल्याला एका पाववाल्याने मला थांबवून सांगितलं, "मॅडम, किनारे से मत चलाओ, दरवाजा खुलता है." त्या एका वाक्याने माझं चालवणं बदललं. उभ्या गाडीपासून दरवाजाभर अंतर सोडायचं, आणि सरळ रेषेत जायचं. दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत आत-बाहेर वळायचं नाही, नाहीतर मागच्याला तुमचा अंदाज येत नाही. मागून कोणी हॉर्न वाजवेल. वाजवू दे. हॉर्न वाजवतोय म्हणजे त्याला तुम्ही दिसताय.

तुमच्या भागात सकाळी सहाच्या सुमाराला चहाच्या टपरीवर उभ्या राहा आणि या लोकांना विचारा, जोगेश्वरीला कुठून जाता? ते ज्या गल्लीतून जातात तिथे चढ कमी असतो, कुत्री ओळखीची असतात आणि खड्डे कुठे आहेत हे त्यांना पाठ असतं. इतक्या प्रेमाने सांगतात की एकदा एक पेपरवाला मुलगा मला दाखवायला चौकापर्यंत पुढे आला होता.

दुसरी युक्ती बेस्टची. ज्या मोठ्या रस्त्याचा एखादा तुकडा टाळता येत नाही, तिथे आधी ऑफिसच्या वेळेला बसने जा. डाव्या खिडकीत बसा आणि रस्त्याची डावी कड बघत राहा. रिक्षा प्रवासी बघून कुठे अचानक डावीकडे घुसतात, बसथांबे कुठे आहेत, गटाराच्या जाळ्या कुठे आहेत, मेट्रोच्या कामाचे पत्रे रस्ता कुठे अरुंद करतात, हे अर्ध्या तासात कळतं. जाळ्यांबद्दल विशेष सांगते. काही जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच उभ्या असतात. माझ्या पहिल्या सायकलचे टायर बारीक होते, पुढचं चाक अशाच एका फटीत गेलं आणि मी हँडलवरून पुढे पडले. कोपर दोन महिने दुखत होतं. तेव्हापासून जाड टायर वापरते. तुमचे बारीक असतील तर दुकानात विचारा, बहुतेक फ्रेममध्ये थोडे जाड बसतात.

ट्रॅकच्या भरवशावर मार्ग आखू नका, हे मन घट्ट करून सांगते. बीकेसीत २०११ च्या सुमारास सायकल ट्रॅक झाला होता. त्यावर गाड्या उभ्या राहायला लागल्या, आणि आता तो काढून वाहनांसाठी जागा करायचं ठरलंय. पूर्वेच्या वाटेने जाताना मी तिथूनच जाते म्हणून याचं फार वाईट वाटतं. ट्रॅक सलग असता, त्यावर पार्किंग होऊ दिलं नसतं, तर कालिन्याच्या कॉलेजची मुलं तरी नक्की सायकलवर आली असती. पवई तलावाकाठचा ट्रॅक २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. त्याचं मात्र मला दुःख नाही, तलाव बुजवून सायकल नको.

आता रविवार. मुलाबरोबर पहिल्यांदा बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्येच जा. आत भाड्याने सायकली मिळतात, गाड्या कमी, सावली भरपूर. कान्हेरीपर्यंतचा रस्ता सहा-सात किलोमीटर आहे आणि शेवटी चढ लागतो. नऊ वर्षांच्या मुलाला तो चढ हातात सायकल धरून चढू द्या, उतरताना मात्र दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायला आधी शिकवा. पार्क सोमवारी बंद असतं.

आरे तुमच्या दाराशीच आहे, आणि सकाळी तिथली हवाच वेगळी. पण उजाडल्यावर जा. बिबट्या आहे, आणि काही पट्टे एकट्या बाईने अंधारात जावेत असे नाहीत. आठनंतर पवई-मरोळकडे जाणाऱ्या गाड्या त्या रस्त्यावर सुसाट सुटतात, तोवर परत फिरा. मरीन ड्राइव्ह रविवारी पहाटे छान, पण गोरेगावहून सायकल तिथे नेण्याचा खटाटोप बघता ते वर्षातून दोनदा.

मुलगा जरा तयार झाला की माझी सगळ्यात आवडती फेरी करा. मालाडहून मार्वे, तिथून होडीने सायकलसकट मनोरी. मग गोरई, उत्तन आणि भाईंदर. मनोरीपासून भाईंदरपर्यंत वीस किलोमीटरच्या आसपास होतं. हिवाळ्यात उत्तनला बांबूंवर बोंबील वाळत असतात, पुढे भाईंदरजवळ मिठागरं. जुनी घरं, क्रूस, नारळ, वाडीतली भाजी. मुंबईच्या इतक्या जवळ हे सगळं आहे यावर माझ्या भाच्याचा विश्वासच बसेना. पाणी आणि खाऊ बरोबर ठेवा, आणि पंक्चरचं सामानही, कारण मधल्या पट्ट्यात दुकान सापडेलच असं नाही.

पावसाचं एकच सांगते, आणि ते ठामपणे. साचलेल्या पाण्यात सायकल घालायची नाही. अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता ही नावं तुम्हाला माहीत आहेतच. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात प्रभादेवीजवळ एक डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. पाण्याखाली रस्ता आहे की भोक, हे सायकलवरून दिसत नाही. पाणी दिसलं की उतरा, सायकल जवळच्या दुकानदाराकडे कुलूप लावून ठेवा आणि लोकल किंवा बसने जा. कोणीही नाही म्हणत नाही.

पहिले दोन महिने दोन्ही बाजूंनी सायकल मारायचा हट्ट धरू नका. सकाळी लवकर निघून दादरला पोचा. संध्याकाळी दमलेल्या अंगाने गर्दीतून तेवढंच अंतर परत कापणं फार वेगळं असतं, आणि मी पडले तीही संध्याकाळीच. येताना गुंदवलीपर्यंत या आणि तिथून मेट्रो ७ पकडा. त्या मेट्रोत सायकल नेता येते, आणि गोरेगाव पूर्वला उतरलात की घर जवळच. मागचा लाल दिवा मात्र सकाळीच चार्ज करून निघा.