वाचकांचे प्रश्न : गंजून बसलेले स्टिअरिंगचे भाग घरी कसे सोडवावेत?

प्रश्न : माझ्याकडे १९९९ सालची मारुती ८०० आहे आणि ती समुद्राजवळच्या अंगणात उघड्यावर उभी असते. पुढच्या डाव्या चाकाचा टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा रॉड चाकाकडे जोडणारा टोकाचा सांधा) खिळखिळा झाला असून नवा आणून ठेवला आहे. परंतु त्यामागचा लॉक नट जागचा हलत नाही, आणि एंडच्या बॉल जॉइंटचा नट काढूनही एंड नकलमधून (चाक ज्यावर बसते आणि वळते त्या भागातून) सुटत नाही. टोकावर हातोड्याने ठोकले, तर तिथले आटे दबले. गॅरेजमध्ये गॅस कटर लावू म्हणतात. घरी करता येण्याजोगा उपाय सुचवावा.
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : अशा कामात आधी ठरवावे ते हे की कोणता भाग फेकायचा आहे आणि कोणता गाडीत राहणार आहे. आपला जुना एंड आणि लॉक नट फेकायचे आहेत. त्यांना ठोकले, तापवले, कापले तरी हरकत नाही. आतला टाय रॉड, त्यावरचे आटे, रॅकचा (टाय रॉड डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या दांड्याचा) रबरी बूट आणि स्टिअरिंग नकल मात्र राहणार आहेत, आणि उद्या घाटात चाक धरून ठेवण्याचे काम त्यांनाच करायचे आहे. गॅस कटरला माझा ठाम विरोध आहे तो याचसाठी. ज्वाळेने नकल लाल झाले, तर पोलादाची कारखान्यात मिळालेली ताकद बदलते, आणि ते बाहेरून पाहून कळत नाही.

कोकणात हे दुखणे नेहमीचे आहे. खाऱ्या हवेतले मीठ धातूवर ओल धरून ठेवते, त्यात पावसाळ्याचे चार महिने, आणि झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. ती वाढीव जागा आट्यांच्या फटीत मिळत नाही, म्हणून नट आणि रॉड एकमेकांवर पाचरीसारखे आवळले जातात.

गाडी सपाट जमिनीवर घ्यावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे लावावेत, पुढचा भाग जॅकने उचलून घोडीवर टेकवावा आणि मगच चाक काढावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर, ओढाताणीचे काम असताना तर कधीच, गाडीखाली हात घालू नये.

टेपर, म्हणजे एंडचा नकलमध्ये बसणारा निमुळता स्टड, अजून अडकलेला आहे, हे खरे तर आपल्या पथ्यावर पडणारे आहे, कारण लॉक नट सोडवताना एंड घट्ट धरलेला हवा असतो. म्हणून आधी नट घ्यावा. तारेच्या ब्रशने उघडे आटे स्वच्छ करावेत, गंज सोडवणारे पातळ तेल सोडावे, नटाच्या पैलूंवर हलके ठोके द्यावेत आणि रात्रभर थांबून पुन्हा तेच करावे. डिझेलही आत झिरपते, मात्र त्याला वेळ अधिक लागतो. अनेक अनुभवी मेकॅनिक ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि ॲसिटोन समभाग मिसळून वापरतात. ते चांगले काम करते, परंतु ॲसिटोन चटकन पेट घेते, तेव्हा ते उघड्यावर आणि आगीपासून दूरच वापरावे.

आता दिशेविषयी, कारण निम्मे लोक इथेच फसतात आणि सोडवायचा नट आणखी आवळत बसतात. आपल्या गाडीत रॉडवर बाहेरून आटे असतात, एंड त्यावर चढतो आणि लॉक नट एंडच्या पाठीला टेकून त्याला जखडतो. नट सुटायचा तर तो एंडपासून दूर, म्हणजे रॅककडे सरकला पाहिजे. त्यासाठी चाकाच्या बाजूने पाहत असता तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. एका पान्याने एंड धरावा आणि दुसऱ्याने नट फिरवावा, म्हणजे पिळाचा भार रॅकमधल्या बॉल जॉइंटवर जाणार नाही. किंचित आवळणे, किंचित सैल करणे असे मागेपुढे केल्यास गंजाचा थर तुटतो. जिप्सी किंवा जुनी जीप असलेल्या वाचकांनी लक्षात ठेवावे की त्यांच्या टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात.

तरीही हलला नाही, तर उष्णता द्यावी, पण छोट्या ब्लो टॉर्चची आणि केवळ नटालाच. १२ मिलिमीटर व्यासाचा नट २०० अंशांनी तापला, तर त्याचे भोक सुमारे ०.०३ मिलिमीटरने मोठे होते; आकडा लहान वाटला तरी गंजाची पकड सुटायला पुष्कळदा तेवढे पुरते. आधी सांडलेले तेल पूर्ण पुसून घ्यावे, रॉडवर बुटाच्या बाजूला ओले फडके गुंडाळावे, ब्रेकचा होज बाजूला झाकावा आणि पाण्याची बादली जवळ ठेवावी. बॉल जॉइंटच्या बंद भागाला ज्वाळा लावू नये. आतले ग्रीस तापून तो फुटू शकतो. नट लाल होऊ देऊ नये. एवढ्यानेही भागले नाही, तर नटाच्या एका पैलूवर हॅकसॉने आट्यांच्या अलीकडेपर्यंत चीर पाडून छिन्नीने तो फोडावा.

नट सैल झाल्यावर नकलकडे वळावे. स्टडच्या टोकावर ठोकून काही साधत नाही. तो फुगतो आणि आणखी अडकतो. कानशीने दबलेले आटे साफ करून जुना नट दोन-तीन आटे चढवून ठेवावा, म्हणजे जॉइंट सुटताना उडणार नाही. मग नकलच्या ज्या डोळ्यात स्टड बसतो त्याच्या एका अंगाला जड हातोडा टेकवून धरावा आणि समोरच्या अंगाला दुसऱ्या हातोड्याने नेमका, जोरकस घाव घालावा. डोळा क्षणभर किंचित लांबट होतो आणि टेपर सुटतो. बॉल जॉइंटचा पुलर मिळाल्यास तो आवळून ताण द्यावा आणि त्या ताणातच कडेला घाव घालावा. माझ्या मते यासारखा खात्रीचा दुसरा मार्ग नाही.

एंड काढताना त्याचे किती फेरे होतात ते मोजावेत आणि नवा तेवढेच फेरे चढवावा, कारण एका फेऱ्याने रॉडची लांबी साधारण सव्वा ते दीड मिलिमीटरने बदलते आणि चाकाचा टो (पुढची चाके समोरून आत-बाहेर वळलेली असण्याचे माप) बिघडायला तेवढा फरक पुरेसा आहे. रॉडच्या आट्यांना ग्रीस लावावे. टेपर मात्र कोरडा आणि स्वच्छ असावा. स्टडचा नट सांगितलेल्या टॉर्कने (ठरलेल्या पिळाच्या जोराने) आवळून स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल, तर किंचित पुढे आवळावे, मागे कधीही सोडू नये, आणि पिन दर वेळी नवीच घालावी. त्यानंतर सावकाश चालवत थेट व्हील अलाइनमेंटला जावे.

प्रश्न : दोन पावसाळे उभी असलेली जुनी हॅचबॅक चालू केली. स्टिअरिंग एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलके लागते. तेल सोडल्यावर थोडे सुधारले. एवढ्यावर भागेल का?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : भागणार नाही, आणि कृपया भागवू नये. एका फेरीत दोनदा जड होणे हे स्टिअरिंग कॉलम आणि रॅक यांच्यामधला युनिव्हर्सल जॉइंट धरल्याचे ठळक लक्षण आहे. त्याच्या कपांतल्या सुयांसारख्या बेअरिंगना गंज लागलेला असतो. तेलाने ती काही दिवस फिरतात, पण खरवडलेले पृष्ठभाग परत येत नाहीत, आणि असा जॉइंट वळणावरच अडकण्याची भीती राहते. मधला शाफ्ट जॉइंटसकट बदलावा. काढण्यापूर्वी चाके सरळ ठेवून शाफ्ट आणि पिनियन (रॅक सरकवणारे दातेरी चाक) यांवर रंगाची जुळती खूण करावी आणि स्टिअरिंग व्हील दोरीने बांधून ठेवावे. एअरबॅग असलेल्या गाडीत ते मोकळे फिरल्यास त्याखालची वायरची गुंडाळी तुटते. पकडणारा बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून आरपार गेला आहे याची डोळ्यांनी खात्री करावी, आणि पुढची चाके अधांतरी ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिल्यावरच गाडी खाली उतरवावी.