आधी एक मिक्सर उघडून बघ

अगं, तुझ्या मिक्सरचे रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवरची चित्रं, बघितली, छान झालीत, तो चकचकीत काळा आणि पितळी नॉब भारीच दिसतोय. तू विचारलंस की प्रॉडक्ट डिझाइनची प्रोसेस कशी असावी, आणि सोबत ते गोलागोलांचं चित्र पाठवलंस, रिसर्च, आयडिया, प्रोटोटाइप, टेस्टिंग. परीक्षेत तेच लिही, मार्क मिळतील. मी कामाला कसा लागतो ते सांगतो, आणि तुझा प्रोजेक्ट मिक्सरचाच आहे तर मिक्सरवरच बोलू.

कॅड, म्हणजे ते ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, उघडायच्या आधी रिपेअरवाल्याकडे जाऊन बस. गल्लीतल्या दुकानात, जिथे फळीवर सगळ्या कंपन्यांचे जार उलटे पडलेले असतात. दुपारी गर्दी कमी असते तेव्हा जा, नाहीतर काका वैतागतील. तिथे कळतं घराघरात नक्की काय मोडतं ते. कुणाचा कपलर, म्हणजे मोटर आणि जारचं पातं जोडणारा तुकडा, गेलाय, कुणाच्या जारच्या बुडातला बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, झिजून पाणी खाली मोटरवर गळतंय, कुणाच्या चटणीच्या भांड्यातलं पातं जाम झालंय कारण वाटण काढून भांडं तसंच रात्रभर सिंकमध्ये राहिलं. आणि काही लोक तर "मोटर जळाली हो" म्हणत येतात, काका मिक्सर उलटा करतात, बुडाशी असलेलं लाल बटण दाबतात आणि मिक्सर चालू. ओव्हरलोडचं बटण ते, मोटरवर फार ताण आला की आपोआप वीज तोडतं. आता तू मला सांग, मशीन वाचवणारी गोष्ट जर माणसाला दिसतच नसेल तर ते डिझाइन झालं का? तुझ्या नॉबपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

कपलरचं मात्र उलटं आहे. लोक म्हणतात काय तो रबराचा तुकडा, सारखा जातो. अरे जायलाच पाहिजे ना तो! पातं अडकलं की काहीतरी तुटणारच, मग महागाची मोटर तुटण्यापेक्षा स्वस्तातला कपलर तुटलेला बरा. कुठल्याही वस्तूत आधी काय मोडायचं हे आपण ठरवायचं असतं, आणि जे मोडणार ते हाताशी, स्वस्त आणि बदलता येईल असं ठेवायचं. मी नवीन काम घेतलं की पहिली चर्चा यावरच करतो, मार्केटिंगवाल्यांना ती अजिबात आवडत नाही.

सुमीत मिक्सरची गोष्ट ऐकली असशील. १९६० च्या दशकात माधुरी माथुर यांचा ब्राउन या जर्मन कंपनीचा मिक्सर बंद पडला, इथे दुरुस्त होईना, तेव्हा त्यांचे मिस्टर सत्यप्रकाश माथुर, जे सीमेन्समध्ये इंजिनियर होते, त्यांनी आपल्या स्वयंपाकाला झेपेल असा मिक्सर स्वतःच बनवायला घेतला आणि त्यातून सुमीत आला. जर्मन मशीन वाईट नव्हतं गं, ते वेगळ्या कामाचं होतं. आपल्याकडे त्यात सुकं खोबरं जातं, भिजवलेली डाळ जाते, कोणी हळकुंडं पण टाकतं. घट्ट वाटणात पातं अडखळलं की मोटरचा स्पीड पडतो, करंट वाढतो, मोटर तापते, आणि तिला गार करणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो त्यामुळे तोही हळू फिरतो, म्हणजे जेव्हा वारा जास्त हवा नेमका तेव्हाच कमी मिळतो. म्हणून विचारतो, तुझ्या डिझाइनमध्ये हवा आत कुठून येते आणि बाहेर कुठून जाते? मला एकही जाळी दिसली नाही. ओट्यावर पाणी सांडलेलं असणार हे धरून जाळी काढ.

मग घरात जाऊन बघ लोक मिक्सर चालवतात कसा. मॅन्युअलमध्ये काहीही लिहिलेलं असो, झाकणाला लॉक असो नसो, एक हात झाकणावर दाबलेला असतोच, म्हणजे नॉब फिरवायला एकच हात उरला. त्यामुळे नॉब ओल्या, तेलकट बोटांनी फिरला पाहिजे आणि फिरवताना अख्खा मिक्सर ओट्यावर सरकता कामा नये. तुझा पितळी नॉब गुळगुळीत आहे, खाचा दे त्याला. हे स्क्रीनवर कळत नाही, थर्माकोल नाहीतर फोमचं खऱ्या मापाचं मॉडेल कर, आत वजन भर, आईला वापरायला दे आणि तू गप्प बस. समजावून सांगायचा मोह होईल, तोंडातून शब्द काढू नको.

मोल्डिंगचं, म्हणजे साच्यात प्लास्टिक ओतून पार्ट काढायचं, थोडक्यात सांगतो, कारण ते टूलरूममध्येच, म्हणजे साचे बनवतात तिथेच, शिकशील. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी ठेव, अडीच मिलिमीटरच्या आसपास, रिब, म्हणजे आतून आधार देणारी पट्टी, जाडीला त्याच्या निम्म्याच्या थोडी वर, त्याहून जाड केलीस तर बाहेरच्या बाजूला खड्डा दिसतो आणि तुझ्या चकचकीत काळ्यावर तर हमखास दिसणार. उभ्या भिंतींना ड्राफ्ट, म्हणजे किंचित उतार, दे, एक-दीड अंश तरी, टेक्सचर असेल तर अजून, नाहीतर पार्ट साच्यातून निघताना ओरखडे घेऊन निघतो. आणि जिथे फिट नक्की माहीत नाही तिथे साच्यात स्टील जास्त राहील असं माप ठेव, पहिल्या ट्रायलनंतर स्टील कापता येतं, परत भरायचं म्हणजे वेल्डिंग, खर्च आणि टूलमेकरच्या शिव्या. भोसरीत किंवा चाकणला एखाद्या टूलरूममध्ये ड्रॉइंग घेऊन जा, फोरमनला पेन दे आणि म्हण की खोडा. तो जिथे जिथे खोडेल तिथे का खोडलं ते विचार, कंटाळा येईपर्यंत विचार.

अजून एक, खालचं कव्हर स्क्रूनेच बसव, चिकटवू नको, आणि सगळे स्क्रू एकाच मापाचे ठेव. ते गल्लीतले काका उद्या तुझाच मिक्सर उघडणार आहेत.

या आठवड्यात जुन्या बाजारातून एक बंद पडलेला मिक्सर आण आणि सगळा सुटा कर. प्लग काढलाय ना ते आधी बघ. मोटरवरचा कपलर काढताना जोर लावू नको, बऱ्याचदा त्याचे आटे उलटे असतात, दोन्हीकडे फिरवून बघ. सुट्या पार्टांचे फोटो काढून पाठव, प्रत्येकाखाली तो तिथे का आहे ते तुझ्या शब्दांत लिही, मग फोनवर बोलू.