अनुमस्तिष्क की मध्यमस्तिष्क? आधी डोळे बघ

कुत्रा झोकांड्या खातोय म्हणून लगेच 'सेरेबेलम' (अनुमस्तिष्क, म्हणजे हालचालींचं माप आणि तोल सांभाळणारा मेंदूचा भाग) लिहून मोकळा होऊ नकोस. आधी ताकद बघ. निव्वळ अनुमस्तिष्काच्या आजारात ती शाबूत असते. बिघडतं ते माप. पाय गरजेपेक्षा उंच उचलून आपटतो, वाटीजवळ तोंड नेताना डोकं थरथरतं.

मग मेनेस, म्हणजे डोळ्याकडे काही येताना दिसलं की पापणी मिटण्याची प्रतिक्रिया. हात डोळ्याकडे ने, पण वारा लागू देऊ नकोस. बुबुळाला हवेचा स्पर्श झाला तरी पापणी मिटते आणि आपण फसतो. दिसतंय, पापणी हलते, तरी मेनेस नाही? मग त्याच बाजूच्या अनुमस्तिष्कावर संशय घे. मात्र पिल्लू 10-12 आठवड्यांखालचं असेल तर ही प्रतिक्रिया अजून शिकलेलंच नसतं.

मध्यमस्तिष्काचा (मेंदूच्या खोडाच्या वरच्या भागाचा) रुग्ण वेगळाच दिसतो: सुस्त किंवा बेशुद्ध, बाहुली विस्फारलेली, उजेडाला न आकसणारी, डोळा खाली-बाहेर वळलेला. डोळा वळवणारा आणि बाहुली आकसवणारा तिसरा मज्जातंतू तिथूनच निघतो ना.

मान मागे ताठ असेल तर कुत्रा शुद्धीत आहे का ते तपास. बेशुद्ध आणि चारही पाय ताठ, तर मध्यमस्तिष्क. शुद्धीत, पुढचे ताठ आणि मागचे बहुधा नितंबात दुमडलेले, तर अनुमस्तिष्क. मालकाला मेट्रोनिडाझोलचा (एका प्रतिजैविकाचा) डोसही विचार. जास्त झाला तरी असंच झोकांड्या खाणं दिसतं.