ट्रॅव्हल ट्रेलर रिव्हर्स घेताना गाडीतल्या असिस्टचा खरंच उपयोग होतो का?

होतो, आणि नवख्या माणसाला तर चांगलाच होतो. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, आणि असिस्ट म्हणजे ते मागे घेताना स्टिअरिंग स्वतः फिरवणारी सिस्टिम. पण ब्रेक आणि ॲक्सिलरेटर तुमच्याच पायाखाली राहतात, हे आधी लक्षात घ्या.

खरी गंमत अशी की रिव्हर्समध्ये स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरचं बूड उजवीकडे जातं. इथेच भल्याभल्यांची भंबेरी उडते. फोर्डने २०१६च्या एफ-१५० या पिकअप ट्रकच्या मॉडेलमध्ये यासाठी डॅशबोर्डवर एक गोल नॉब दिला. नॉब डावीकडे, तर ट्रेलर डावीकडे. स्टिअरिंग आपोआप फिरतं, तुम्ही हात लावायचा नाही.

त्या सिस्टिमला ट्रेलरचा कोन कळतो तो ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर चिकटवलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या स्टिकरवरून. गाडीच्या मागचा कॅमेरा तो बघत असतो. स्टिकर चिखलाने माखला की कॅमेरा आंधळा, म्हणून आधी फडकं मारा. सुरुवातीला टेप घेऊन हिचपासून (गाडी आणि ट्रेलर जोडतात ती जागा) ट्रेलरच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर वगैरे भरावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण अंदाजपंचे आकडे टाकलेत तर ट्रेलर भलतीकडेच वळेल.

कोन फार वाढला तर सिस्टिम थांबवायला सांगते. मग हट्ट न करता गाडी पुढे घ्यायची, सरळ करायची आणि पुन्हा सुरू. वरची फांदी मात्र तिला दिसत नाही. त्यासाठी मागे एक माणूस उभा करा, नाहीतर स्वतः उतरून बघा. मी अजूनही दोनदा उतरतो.