तीन तासांची मारबत डिस्कवर कशी बसवू?

प्रश्न : ताई, यंदा तान्ह्या पोळ्याला आपल्या नागपुरातली मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक मी फोर-केमध्ये शूट केली. कॅमेऱ्याचं सेटिंग सेकंदाला १०० मेगाबिटचं होतं, तीन तासांचं रेकॉर्डिंग १३५ जीबी भरलं. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या मंडळींना डीव्हीडी द्यायची आहे, त्यांच्या टीव्हीखाली अजून प्लेअरच आहे. एका दुकानातून सगळं एकाच डीव्हीडीत बसवून आणलं. पण इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात तिथे पडद्यावर नुसत्या चौकटी दिसतात, चेहरा ओळखू येत नाही. चांगलं सॉफ्टवेअर सुचवा.
— एक वाचक, महाल

उत्तर : भाऊ, सॉफ्टवेअर बदलून हे सुटणार नाही. आधी एक भागाकार करा. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतं, आणि एक जीबी म्हणजे ८,००० मेगाबिट, म्हणजे एकूण ३७,६०० मेगाबिट. तीन तासांचे सेकंद १०,८००. भागलं की सेकंदाला साडेतीन मेगाबिटच्या आत वाटा येतो, आणि आवाजही त्यातूनच जातो. (डिस्क कॉम्प्युटरमध्ये टाकल्यावर ४.३८ जीबी दिसेल. तिथे हिशोब हजाराऐवजी १०२४ने होतो, डिस्क खोटी नाही.)

डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ इतकंच असतं, फोर-केच्या विसाव्या हिस्स्याएवढं. त्यामुळे १०० मेगाबिटचे साडेतीन झाले म्हणून एरवी घाबरायचं कारण नसतं. कोणी एका जागी बसून कीर्तन करत असेल तर तेवढ्यात चित्र बऱ्यापैकी निभतं. मारबतीचं तसं नाही. व्हिडिओ लहान होतो तो मुख्यतः न हलणाऱ्या गोष्टींच्या जिवावर. डीव्हीडीत साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र साठवलं जातं आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं, काय कुठे सरकलं तेवढीच नोंद असते. कीर्तनकाराच्या मागची भिंत एकदा लिहिली की काम झालं. नेहरू पुतळ्यापाशी मात्र चित्रातला कोपरा न् कोपरा हलतो: डोकी, उंचावलेले हात, बडग्यांचे पुतळे, वर उडणारा गुलाल. सगळंच बदललेलं, आणि लिहायला जागा नाही. मग एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर, बारकावे टाकून देतो आणि चित्राचे चौकोनी तुकडे तसेच उघडे पडतात.

गुलालाची आणखी एक अडचण आहे. डोळ्याला उजेड-अंधार बारीक कळतो, रंग तितका बारीक कळत नाही. म्हणून डीव्हीडीत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या चौथ्या हिस्स्यानेच ठेवतात. गडद गुलाबी आणि लाल भागांच्या कडा म्हणूनच आधी फुटतात. तुमची डिस्क थांबवून बघा, पांढऱ्या शर्टापेक्षा गुलाल माखलेला खांदा जास्त विस्कटलेला दिसेल.

तेव्हा माझं म्हणणं असं की एका डिस्कचा हट्ट सोडा आणि दोन करा, दीड-दीड तासाच्या. वाटा दुप्पट होऊन सात मेगाबिटच्या जवळ जातो. आवाजाला सेकंदाला ०.२ मेगाबिटचा डॉल्बी डिजिटल द्या. तिथे पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, निवडलं तर एकटा आवाज दीड मेगाबिट खाईल. थोडी जागा रिकामी सोडून चित्राला साडेसहा ठेवा. डीव्हीडीत चित्राची कमाल मर्यादा ९.८ आहे, म्हणून साडेसहा हा गर्दीसाठी मला भरवशाचा आकडा वाटतो. त्याआधी कात्री चालवा. मिरवणूक अडून पडलेली, कॅमेरा खाली धरलेला, रस्त्याचं डांबर दिसतंय, असे भाग तीन तासांत भरपूर निघतात. कापलेला प्रत्येक मिनिट उरलेल्या चित्राला मिळतो. पहिली डिस्क संपून दुसरी सुरू होते तो काप मात्र वाजतगाजत्या दृश्यात घेऊ नका.

एन्कोड करताना ‘टू-पास’ निवडा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर सगळी मिरवणूक नुसती बघतं, दुसऱ्या फेरीत शांत जागेचे बिट वाचवून गर्दीला देतं. वेळ जास्त लागतो, पण आकार ठरवल्याप्रमाणे येतो. एकाच दर्जावर चालणारी पद्धत, हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जिला आरएफ म्हणतात, ती हार्ड डिस्कवर ठेवायच्या फाइलला छान. पण आकार किती होईल ते आधी कळत नाही, म्हणून डिस्कसाठी ती नको. हँडब्रेक प्लेअरवर चालणारी, मेन्यूवाली डीव्हीडी बनवतही नाही. त्यासाठी डीव्हीडी-स्टायलर घ्या, तेही फुकट आहे. बर्न करताना सगळ्यात वरचा वेग नको, आणि शेवटी ‘व्हेरिफाय’ करून, म्हणजे सगळं नीट उतरलं का ते तपासूनच, डिस्क बाहेर काढा.

तुमच्यासाठी डीव्हीडी नको. २५ जीबीच्या ब्ल्यू-रेवर हाच भागाकार साडेअठरा मेगाबिट देतो. तेवढ्यात १९२० बाय १०८०चं चित्र एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत गर्दीसकट चांगलं उभं राहतं. फोर-केच ठेवायचं असेल तर त्यापुढची पद्धत एच.२६५ वापरून फाइल डेटा म्हणून लिहा आणि कॉम्प्युटरवर बघा. ब्ल्यू-रे लिहायला वेगळा रायटर लागतो, डीव्हीडी रायटरवर ते होत नाही.

आणि मूळ १३५ जीबी पुसू नका, अजिबात नाही. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, शक्य तर दोन वेगळ्या घरांत. या कॉपी सध्याच्या प्लेअरसाठी आहेत. एच.२६४ आलं २००३मध्ये, एच.२६५ आलं २०१३मध्ये, पुढेही काही येईलच, आणि तेव्हा मुळातूनच नवी कॉपी काढता येईल. एकदा टाकलेले बारकावे डीव्हीडीतून कोणी परत काढू शकत नाही. त्या गर्दीतले चेहरे म्हणजे तुमचा मोहल्ला आहे, भाऊ. वीस वर्षांनी कोणी तरी त्यात आपला बाप शोधेल.

म्हाताऱ्यांना डिस्क देताना तेवढं सांगा की स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि घरी लिहिलेल्या डीव्हीडीतला रंगद्रव्याचा थर उष्णतेने नि उन्हाने खराब होतो. खोलीतल्या कपाटात, डबीत उभी ठेवावी, कूलरच्या झोतात नको. वर कागदी स्टिकरही लावू नका, डिस्क पेनने नाव लिहा.

प्रश्न : लग्नाचा व्हिडिओ ६ जीबीचा आहे. झिप केला तरी तेवढाच राहिला. माझं काही चुकतंय का?
— एक वाचिका, धरमपेठ

उत्तर : काही चुकत नाही, ताई. झिप फाइलमधली पुनरावृत्ती शोधून काढतं आणि एकही बिट गमावत नाही. व्हिडिओ कॅमेऱ्यातच दाबून लिहिलेला असतो, त्यामुळे झिपच्या हाती काही उरत नाही. ८.५ जीबीची ड्युअल लेयर डीव्हीडी आणा आणि फाइल आहे तशी डेटा म्हणून लिहा. कॉम्प्युटरवर ती मूळ दर्जातच दिसेल. फक्त बर्निंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कवर फाइल मांडण्याची यूडीएफ पद्धत निवडा, काही जुन्या पद्धती ४ जीबीहून मोठी फाइल घेत नाहीत.