लॅमिनायटिस झालेल्या घोडीला नाल ठोकावी की खूर उघडं ठेवावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: घोडी साधारण 350 किलोची, पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून मागे रेलून उभी राहते, दुखणं सुरू होऊन दीड महिना झाला, आणि नालबंद म्हणतोय की टाच उचलून नवी नाल ठोकू. माझं उत्तर असं की आत्ता नाल नको. आधी खाणं बदला, तळाला आधार द्या, एक्स-रे काढा. मग खुराचं टोक मागे घ्यायला सुरुवात करा.

खुरातलं हाड खुराच्या भिंतीला 550 ते 600 पापुद्र्यांनी टांगलेलं असतं, आणि प्रत्येक पापुद्र्यावर आणखी बारीक पापुद्रे असतात. लॅमिनायटिस म्हणजे या पापुद्र्यांची सूज. तिने ही पकड सुटली की पायामागून येणारी जाड शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी) हाडाला ओढते आणि हाडाचं टोक खाली फिरतं. त्यात खुराचं टोक लांब वाढलेलं असेल, तर प्रत्येक पावलाला ते तरफेसारखं भिंत हाडापासून उचकटतं. सुटलेली जुनी भिंत पुन्हा चिकटत नाही. केसांच्या कडेपासून, म्हणजे खुराच्या वर जिथे केस संपतात तिथून, नवी भिंत हाडाला धरून खाली उतरते, महिन्याला 6 ते 10 मिलिमीटर. टोकाला ती जमिनीपर्यंत यायला 9 ते 12 महिने लागतात. ही नवी पकड तेवढे महिने फाटू द्यायची नाही, खुराची सगळी निगा त्यासाठीच.

खाण्यात चूक राहिली तर कितीही चांगलं खूर कापलं तरी फायदा नाही. हरभऱ्याची चंदी, गूळ, हिरवा मका, उसाचं वाढं आणि पावसानंतरचं कोवळं गवत, सगळं बंद. पिकून वाळलेलं डोंगरी गवत वजनाच्या दीड टक्का द्या, म्हणजे दिवसाला सव्वापाच किलोच्या आसपास, चार-पाच वेळांत विभागून. गार पाण्यात तासभर भिजवा आणि ते पाणी फेकून द्या, विरघळलेली साखर त्यातून जाते. उपाशी मात्र ठेवू नका, लठ्ठ जनावराच्या रक्तात चरबी उतरून जिवावर बेततं. मानेवर कडक चरबीची वळी असेल तर रक्तातलं इन्सुलिन तपासून घ्या. दुखणं व्याल्यानंतर वार अडकून सुरू झालं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. लंगडतेय म्हणून कुणी स्टेरॉईड टोचायला निघालं तर थांबवा. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी 2006 पासून बंदच आहे. आणि वेदनाशामकाच्या जोरावर तिला फिरवू नका, दुखणं कळेनासं झालं की ती पाय जोरात टाकते. बर्फाच्या पाण्यात पाय ठेवण्याचा उपयोग पहिल्या दोन-तीन दिवसांत असतो, आता नाही.

आधारासाठी 5 सेंटीमीटर जाडीचे घट्ट फोमचे बोर्ड घ्या, बांधकामात उष्णता अडवायला लावतात ते निळे किंवा गुलाबी. पॅकिंगचा थर्मोकोल चालत नाही, तासाभरात चपटा होतो. खुराच्या मापाचा तुकडा कापा आणि रुंद चिकटपट्टीने बांधा. पट्टी केसांच्या कडेवर चढू देऊ नका, तिथला रक्तपुरवठा आवळतो. एक-दोन दिवसांत बोर्ड दबून खुराच्या आकाराचा होईल. मग तळाच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागाचं (फ्रॉगचं) टोक जिथे संपतं, त्याच्या पुढचा फोम कापून टाका आणि खाली दुसरा थर जोडा. असं केल्याने भार मागच्या भागावर येतो आणि हाडाच्या टोकाखालचा तळ मोकळा राहतो. गोठ्यात वीतभर मऊ अंथरूण हवं.

एक्स-रे बाजूने काढायचा. भिंतीवर समोरून सरळ तार चिकटवा आणि फ्रॉगच्या टोकाशी एक टाचणी लावा, म्हणजे चित्रात मापं घेता येतात. हाडाखाली तळ साधारण 15 मिलिमीटर जाड असावा. 10 पेक्षा कमी असेल तर तळाला चाकू लावायचाच नाही. जवळ सोय नसेल तर परळ, शिरवळ, परभणी, उदगीर किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा.

आता कापणी. केसांच्या कडेखालची पहिली दीड-दोन सेंटीमीटर वाढ नीट बघा, तिचा कोन खालच्या भिंतीपेक्षा उभा दिसेल. तिथे पट्टी टेकवून रेषा सरळ खाली न्या. रेषेच्या बाहेर आलेलं सगळं टोक सुटलेल्या भिंतीचं आहे. ते खालच्या एक तृतीयांशात कानशीने समोरून घासून मागे घ्या आणि जमिनीलगतची कड तिरकी करा, जेणेकरून टोकाची भिंत जमिनीला टेकणार नाही. वरपर्यंत घासून भिंत पातळ करू नका. खाली उलटून पाहिलंत तर भिंत आणि तळ यांच्यामधली पांढरी रेघ रुंद ताणलेली आणि आत जुन्या रक्ताचे तांबूस डाग दिसतील. या अवस्थेत ते अपेक्षितच आहे, घाबरून खणत बसू नका. टाच उंच वाढली असेल तर एक्स-रे बघून मागून थोडी थोडी उतरवा. एकदम उतरवली की शीर ताणली जाते आणि घोडी रात्रीत जास्त दुखते. कापणीनंतर ती आधीपेक्षा अवघडून उभी राहिली, तर जास्त काढलं गेलं असं समजा. दर 3-4 आठवड्यांनी पुन्हा.

बहुतेक नालबंद इथेच एक गोष्ट सवयीने करतात: तळ वाटीसारखा खोल आणि गुळगुळीत कोरतात. दिसायला छान, पण हाडाला असलेलं शेवटचं संरक्षण त्यात जातं. हे आधीच ठाम सांगा.

नालेला माझा विरोध एवढ्यासाठी की ती भार भिंतीवर टाकते, म्हणजे नेमक्या फाटलेल्या जागेवर, आणि खिळ्यांचे हादरे वेगळेच. पहिल्या आठवड्यांत पशुवैद्य तात्पुरती टाच उचलतात, ते शीर सैल करण्यासाठी. दीड महिन्यानंतर तीच उंची कायम ठेवली तर टाच चिरडते आणि हाड टोकावर उभं राहतं. पुढे फ्रॉगला आधार देणारी नाल लागू शकते, पण एक्स-रेवरून बेतूनच. फ्रॉगखाली येणारी नालेची पट्टी थोडी पुढे गेली तरी हाडाखालचा भाग दाबते.

काही आठवड्यांनी एखादा पाय अचानक टेकवेनासा झाला तर बहुधा आत पू झालाय. कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट घालून 20 मिनिटं शेक द्या आणि डॉक्टरांना पांढऱ्या रेघेतून छोटी वाट काढू द्या. धनुर्वाताची लस झालेली नसेल तर आजच टोचून घ्या. फ्रॉगच्या टोकापुढे तळ चंद्रकोरीसारखा फुगला, किंवा केसांच्या कडेवर बोट फिरवताना खाच लागली, तर हाड खाली उतरतंय. त्या दिवशीच डॉक्टर हवा, आणि तेव्हा बरं होण्याची आशा कमी असते हे ऐकायची तयारी ठेवा.

नव्या कोनाची भिंत जमिनीपर्यंत येईपर्यंत स्वारी नाही, आणि डांबरी रस्त्यावर वरातीत नाचवणं तर अजिबात नाही.