टर्मिनलवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या हेल्पमध्ये माउसशिवाय पटापट फिरता यावं म्हणून कुठली बटणं ठेवावीत?

पुढे जायचं काय, स्पेस आहे, पेज डाउन आहे, दुव्यांवरून उड्या मारायला टॅब आणि उघडायला एंटर. खरी गोची परत येण्याची आहे, आणि त्यावरून माझं भागीदाराशी जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

नव्वदीत आम्ही दोघं बडोद्याला दांडिया बाजारातल्या एका खोलीत बसून क्लिपर या डॉसवरच्या प्रोग्रॅमिंग भाषेत व्यापाऱ्यांसाठी बिलिंग लिहायचो. क्लिपरची एक सोय झकास होती. ‘हेल्प’ नावाचं फंक्शन लिहून ठेवलं की एफ-१ दाबल्यावर ते आपोआप चालायचं, आणि कुठल्या प्रोसिजरमधून, कितव्या ओळीवरून, कुठल्या व्हेरिएबलवरून आलोय ते तिन्ही त्याला कळायचं. दराच्या रकान्यात एफ-१ दाबलं की दराचीच माहिती. हे माझं काम. बाहेर पडायची बटणं भागीदाराची.

मांडवीच्या एका घाऊक दुकानात साठी ओलांडलेले मेहताजी, म्हणजे हिशेब लिहिणारे मुनीम, होते. डावा हात बिलबुकावर, उजवा आकड्यांवर. पस्तीसेक ओळींचं बिल चढवल्यावर त्यांनी एफ-१ दाबलं, वटावाचं पान वाचलं, तिथून विक्रीकराच्या पानावर गेले आणि वटावाकडे परत यायला एस्केप दाबलं. हेल्प गायब. काही झालंच नाही असं वाटून पुन्हा दाबलं, तर बिलही गायब! मी समोरच उभा. ते चिडले नाहीत. लाल खातेवही काढली, एका पानात बोट घातलं, दुसरं पान उघडून दाखवलं आणि म्हणाले, “भाई, आंगळी तो राखवा दो.” बोट तरी ठेवू द्या.

भागीदाराचं म्हणणं, ‘मागचं पान’ आहे की, आणखी वेगळं बटण कशाला? मेहताजींना होईल सवय. झाली ना! त्यांनी सगळी हेल्प एका वहीत उतरवून घेतली आणि एफ-१ ला पुन्हा हात लावला नाही.

अहो, क्रमाने मागचं पान वेगळं आणि मी जिथून आलो ते पान वेगळं. इन्फो या टर्मिनलवर माहितीपुस्तिका वाचायच्या प्रोग्रॅममध्ये म्हणूनच पी आणि एल अशी दोन बटणं आहेत: पी म्हणजे आधीचा नोड (तिथलं पान), एल म्हणजे तुम्ही आधी होतात तो. आलो तिथे परतायला टर्बो सी मध्ये ऑल्ट-एफ-१ होतं, विम या एडिटरमध्ये कंट्रोल-टी आहे. तेव्हा दुवा उघडताना पान, ओळ आणि कर्सर कुठल्या दुव्यावर होता हे तिन्ही स्टॅकवर, म्हणजे शेवटचं आधी निघेल अशा थप्पीवर, टाका, एस्केपने परतताना तिन्ही काढा. नुसतं पान लक्षात ठेवून वरच्या ओळीवर आणून सोडणारे प्रोग्रॅम मला बघवत नाहीत. स्टॅक रिकामा झाला की हेल्प बंद, पण त्यापलीकडे एस्केपने एक पाऊलही जायचं नाही.

शोधायला स्लॅश, पुढचा सापडायला एन, हे लेस या फाइल वाचायच्या प्रोग्रॅममधून सरळ उचला.

आता एस्केपबद्दल थोडं मागे घेतो. टर्मिनलमध्ये बाणांची बटणंसुद्धा एस्केपच्याच कोडने सुरू होतात, त्यामुळे नुसतं एस्केप आलं की एनकर्सेस ही टर्मिनलचा पडदा आणि बटणं सांभाळणारी लायब्ररी आणखी काही येतंय का म्हणून थांबतं, मुळात 1000 मिलिसेकंद. ते 25 वर आणा, आणि परतायला बॅकस्पेसही ठेवा. तो कुठे 127 हा कोड पाठवतो, कुठे 8, दोन्ही घ्या. एफ-१ लिनक्सवरचं ग्नोम टर्मिनल स्वतःच्याच हेल्पसाठी पळवतं, म्हणून प्रश्नचिन्हही चालू द्या.

आणि एक. आमच्याकडे कीबोर्ड गुजरातीवर राहून जातो, तुमच्याकडे मराठीवर राहत असेल. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड-मांडणीत एन दाबलं तर ल येतो, एल दाबलं तर त. अक्षरांची बटणं तिथे मुकी. तेव्हा प्रत्येक अक्षराला एक बिनअक्षरी जोडीदार द्याच. अक्षरं नकोत असं भागीदारही म्हणायचा. त्याचं कारण वेगळं होतं, पण तेवढ्यापुरता तो बरोबर होता.